मायबाप मालकाची मर्यादा

माणसांकडून काम कसे करून घ्यावे हा प्रश्न कारखानदारीइतकाच जुना आहे. त्याचे शास्त्र मात्र अलीकडचे. कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मुलांच्या लहान गटांवर केलेल्या प्रयोगांतून १९३९ मध्ये नेतृत्वाच्या तीन तऱ्हा मांडल्या. हुकूम सोडणारे नेतृत्व ही पहिली, सर्वांना विचारून चालणारे नेतृत्व ही दुसरी, आणि सारे काही ज्याच्या त्याच्यावर सोपवून आपण बाजूला होणारे नेतृत्व ही तिसरी. तेव्हापासून ही विभागणी व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत या ना त्या रूपाने येत राहिली आहे. परंतु या तऱ्हांच्या चौकटीत सहज न बसणारी आणखी एक तऱ्हा आहे आणि प्रत्यक्ष व्यवहारात तीच सर्वांत जास्त आढळते. कामगाराला लेकरासारखे वागवणाऱ्या, त्याचे भले चिंतणाऱ्या, पण त्याचे भले कशात आहे हे त्याला न विचारणाऱ्या मायबाप मालकाची ही तऱ्हा होय. तिचे सामर्थ्य किती आणि ती कोठे थिटी पडते, हे समजून घेण्यास रॉबर्ट ओवेनच्या चरित्राइतके उद्बोधक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

ओवेनची ओळख समाजवादाचा एक आद्य प्रवर्तक आणि सहकाराचा जनक अशी करून दिली जाते. मुळात तो गिरणीचा व्यवस्थापक होता, हे त्यामुळे झाकले जाते. वेल्समधील न्यूटाउन या लहानशा गावी १४ मे १७७१ रोजी त्याचा जन्म झाला. वडील खोगिरे बनवीत आणि लोखंडी सामान विकीत. गावच्या टपालाचे कामही त्यांच्याकडे होते. दहाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मुलगा स्टॅम्फर्ड येथील एका कापड दुकानदाराकडे उमेदवारीस लागला. पुढे लंडन, मग मँचेस्टर असा त्याचा प्रवास झाला. वाफेच्या यंत्राने आणि सूत कातण्याच्या नव्या साधनांनी मँचेस्टरचे रूप तेव्हा झपाट्याने पालटत होते. हाती भांडवल नसलेल्या पण डोळे उघडे ठेवणाऱ्या तरुणाला वर चढण्याची संधी अशा काळात मिळते. ती ओवेनला विशीतच मिळाली.

ड्रिंकवॉटर नावाच्या गिरणीमालकाला व्यवस्थापक हवा होता. ओवेनने त्या जागेसाठी वर्षाला ३०० पौंड वेतन मागितले आणि मालकाने ते मान्य केले. सुमारे पाचशे कामगारांची गिरणी एका पोरसवदा तरुणाच्या हाती आली. ओवेनने तेथे आरंभी जे केले, ते आजही प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने मनावर घ्यावे असे आहे. त्याने काहीच केले नाही. पहिले सहा आठवडे त्याने एकही स्पष्ट हुकूम दिला नाही. पहाटे कामगारांबरोबर आत यायचे, रात्री दारे बंद करूनच बाहेर पडायचे, दिवसभर प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक माणूस न्याहाळायचा आणि कोणी विचारलेच तर होय किंवा नाही एवढेच सांगायचे, असा त्याचा क्रम होता. काम पुरते समजल्यावरच त्याने बदलांना हात घातला. हुकूम करण्याचा अधिकार नेमणुकीच्या कागदाने मिळतो; हुकूम पाळला जाण्याची पात्रता मात्र कामाच्या ज्ञानाने मिळवावी लागते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ते त्याला उपजतच उमगले असावे.

त्याच्या कर्तृत्वाचे खरे क्षेत्र ठरले ते स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क. क्लाइड नदीच्या धबधब्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या येथील गिरण्या ग्लासगोचा व्यापारी डेव्हिड डेल याने उभारल्या होत्या. ओवेनचे मन डेलच्या मुलीवर, कॅरोलाइनवर, जडले होते. १७९९ मध्ये त्याने आपल्या भागीदारांसह त्या गिरण्या ६०,००० पौंडांना, वीस वर्षांच्या हप्त्यांनी विकत घेतल्या. त्याच वर्षी कॅरोलाइनशी त्याचा विवाह झाला आणि १८०० च्या जानेवारीपासून न्यू लॅनार्कचा कारभार तो पाहू लागला.

डेल हा दयाळू मालक म्हणून प्रसिद्ध होता. तरीही गिरणीच्या वस्तीची अवस्था चांगली नव्हती. वस्तीत सुमारे दोन हजार माणसे होती, आणि त्यांत एडिंबरो व ग्लासगोच्या अनाथालयांतून आणलेली पाचशेच्या आसपास मुले होती. गिरणीत काम करणे तेव्हा हलकेपणाचे समजले जाई. ज्यांना दुसरीकडे थारा नाही असेच लोक तेथे येत. दारूचे व्यसन, मालाची चोरी, भांडणतंटे हे नित्याचेच होते. अशा वेळी बहुतेक मालक दोन उपाय करीत. मुकादमाच्या हाती चाबूक द्यायचा, नाहीतर कामगाराला काढून टाकायचे. ओवेनने दोन्ही टाळले. माणसाचा स्वभाव तो स्वतः घडवत नाही, तो त्याच्या भोवतालच्या परिस्थितीने घडतो, ही त्याची पक्की धारणा होती. चोर चोरी करतो कारण चोरी सोपी आहे आणि प्रामाणिकपणाला फळ नाही. म्हणून त्याने चोरांना शिक्षा करण्याऐवजी मालाच्या हिशेबाची पद्धत बदलली. सूत एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दर टप्प्याला नोंद होऊ लागली, तूट कोठे पडली हे लगेच कळू लागले आणि कोणाला तुरुंगात न धाडता चोरी आटोक्यात आली.

हीच दृष्टी त्याच्या बाकीच्या सुधारणांमागे होती. अनाथालयांतून मुले आणणे त्याने बंद केले आणि दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे थांबवले. वस्तीच्या दुकानदारांकडून निकृष्ट माल चढ्या भावाने घेणे कामगारांच्या नशिबी होते. ओवेनने गिरणीचे दुकान काढून चांगला माल वाजवी दराने पुरवला आणि दुकानाचा नफा शाळेकडे वळवला. मजुरीचा साठावा भाग कापून आजारपणासाठी निधी उभा केला. घरे वाढवली आणि रस्ते झाडून घेतले. १८१६ पर्यंत कामाचा दिवस, जेवणाच्या सुट्ट्या वगळता, पावणेअकरा तासांवर आला. इतरत्र तेरा-चौदा तासांचा दिवस सर्रास असताना ही गोष्ट लहान नव्हती.

गिरणीतील शिस्तीसाठी त्याने काढलेली युक्ती तर फारच प्रसिद्ध झाली. प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी लाकडाचा एक लहानसा चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजू काळ्या, निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या असत. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असेल तर काळी बाजू पुढे, बेताचे असेल तर निळी, चांगले असेल तर पिवळी आणि उत्तम असेल तर पांढरी. ही बाजू मुकादम ठरवी आणि तिची रोजची नोंद वहीत होई. ओवेन गिरणीतून फेरी मारताना ठोकळ्याकडे पाही, मग कामगाराकडे पाही आणि एक शब्दही न बोलता पुढे जाई. या ठोकळ्याला मूक पहारेकरी असे नाव पडले. त्याच्याबरोबर एक नियमही होता. मुकादमाने आपल्यावर अन्याय केला असे वाटल्यास कामगाराला थेट ओवेनकडे दाद मागता येत असे. मारहाण आणि शिवीगाळ यांच्या जागी नुसता रंग आला. वर्षे लोटली तसे काळे ठोकळे कमी होत गेले आणि पिवळे-पांढरे वाढत गेले, असा अनुभव ओवेनने नोंदवून ठेवला आहे.

एवढे असूनही पहिली काही वर्षे कामगारांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. हा परका माणूस, त्याची बोली वेगळी, आणि नवा मालक सुधारणा म्हणतो तेव्हा त्याला जादा काम हवे असते, हा त्यांचा पूर्वानुभव! हा संशय भाषणांनी गेला नाही. तो एका संकटाने घालवला. अमेरिकेने आपल्या मालाची निर्यात रोखली, कापसाचे भाव भडकले आणि अनेक गिरणीमालकांनी गिरण्या बंद करून कामगारांना वाऱ्यावर सोडले. ओवेननेही चार महिने यंत्रे थांबवली, परंतु एकाही कामगाराला काढले नाही. यंत्रे साफसूफ ठेवण्याच्या कामावर सर्वांना ठेवून त्याने पूर्ण मजुरी दिली. त्यापायी ७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली. त्या दिवसापासून न्यू लॅनार्क त्याचे झाले. हिशेबाच्या वहीत हा खर्च तोट्याच्या बाजूला पडला असेल. प्रत्यक्षात ती गिरणीची सर्वांत किफायतशीर गुंतवणूक होती.

भागीदारांना मात्र ही भाषा कळत नव्हती. नफा होत असतानाही शाळा आणि वस्ती यांवरील खर्च त्यांना खुपत होता. ओवेनने कारखानदारांपुढे मांडलेला युक्तिवाद अर्थशास्त्राच्या दृष्टीने आजही ताजा आहे. निर्जीव यंत्रांना तेलपाणी करण्यात, त्यांची निगा राखण्यात खर्च केला तर तो परत मिळतो हे मालकाला पटते; मग त्याहून कितीतरी नाजूक आणि गुंतागुंतीच्या अशा सजीव यंत्रांची निगा राखणे तोट्याचे कसे ठरेल? भागीदार बदलले, पण तक्रार तीच राहिली. अखेर १८१३ मध्ये गिरण्यांचा लिलाव झाला. ओवेनने तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम आणि क्वेकर पंथाचा विल्यम ॲलन यांच्यासह नवे भागीदार जमवले होते. भांडवलावर पाच टक्के परतावा घ्यावा आणि त्यावरील नफा कामगारांच्या हितासाठी खर्च करावा, अशी अट या भागीदारांना मान्य होती. १,१४,१०० पौंडांना गिरण्या पुन्हा ओवेनकडे आल्या, तेव्हा कामगारांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढत नेली.

१ जानेवारी १८१६ रोजी त्याने न्यू लॅनार्कमध्ये आपली शिक्षणसंस्था उघडली. नुकती चालू लागलेली मुलेही तेथे येत. छडीला मज्जाव होता. नकाशे, चित्रे आणि वस्तू दाखवून शिकवले जाई. गाणे आणि नृत्य अभ्यासाचाच भाग होते. युरोपभरातून पाहुण्यांची रीघ लागली. रशियाचा भावी झार निकोलस येऊन गेला. दहा वर्षांत सुमारे वीस हजार लोकांनी पाहुण्यांच्या वहीत सह्या केल्या. कामगाराला माणसासारखे वागवूनही गिरणी नफ्यात चालते, ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याखेरीज खरी वाटत नव्हती.

यशाच्या या शिखरावरच ओवेनच्या नेतृत्वातील उणीव स्पष्ट दिसू लागते. न्यू लॅनार्कमध्ये कामगाराला जे जे मिळाले ते सारे ओवेनने दिले म्हणून मिळाले. मजुरी किती असावी, दिवस किती तासांचा असावा, निधीसाठी मजुरीतून किती कापावे, मुलांना काय शिकवावे, हे मालक ठरवी. घरांच्या स्वच्छतेची तपासणी करायला माणसे येत तेव्हा बायकांना ते मुळीच आवडत नसे आणि त्या तपासनिसांना ढेकूण शोधणारे म्हणून हिणवत. ओवेनच्या दृष्टीने हा अडाण्यांचा हट्ट होता. परिस्थिती माणसाला घडवते, या त्याच्या सिद्धांताचा एक परिणाम असा की परिस्थिती घडवणारा कोणीतरी वर असावा लागतो आणि घडवले जाणारे खाली. वरची जागा आपलीच, याविषयी त्याला कधी शंका वाटली नाही. त्याने कामगारांवर प्रेम केले, त्यांच्यासाठी पैसा ओतला; पण त्यांचे मत आपल्या मताइतकेच मोलाचे असू शकते असे त्याने कधी मानले नाही.

अशा नेतृत्वाचा पहिला धोका म्हणजे ते एका माणसावर उभे असते. सर्व गिरण्यांतील मुलांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून ओवेनने १८१५ पासून खटपट केली. थोरल्या रॉबर्ट पीलने संसदेत विधेयक आणले, परंतु गिरणीमालकांच्या विरोधाने ते झिजत झिजत १८१९ मध्ये मंजूर झाले. नऊ वर्षांखालील मुलांना कापूसगिरण्यांत बंदी आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना बारा तासांची मर्यादा एवढेच त्यात उरले. अंमलबजावणीसाठी स्वतंत्र निरीक्षक नव्हतेच. दुसरीकडे धर्मसंस्थांवर त्याने उघड टीका केल्यामुळे प्रतिष्ठितांचा पाठिंबा गेला. शाळेतील धर्मशिक्षण, गाणे आणि नृत्य यांवरून ॲलनशी खटके उडू लागले. १८२५ मध्ये ओवेनने न्यू लॅनार्कचा कारभार सोडला आणि पुढे भागीदारीही सोडली. जे काही भागीदारांच्या मनात आले ते बदलले गेले. ज्या कामगारांसाठी सारे उभारले होते त्यांना त्यात बोलण्याचा अधिकारच नव्हता. मग ते राखणार कसे?

ओवेनने याच सुमारास अमेरिकेतील इंडियाना राज्यात न्यू हार्मनी ही तयार वसाहत विकत घेतली. समतेवर आधारलेला आदर्श समाज तेथे उभा करायचा होता. आमंत्रण सर्वांना खुले होते. आठशेहून अधिक लोक धावत आले. त्यांत विद्वान होते, स्वप्नाळू होते आणि फुकटे होते. कमी होते ते कसबी कारागीर आणि शेतकरी. मँचेस्टरमध्ये सहा आठवडे अबोल राहून प्रत्येक यंत्र न्याहाळणारा ओवेन येथे भाषणे देऊन काही आठवड्यांतच निघून गेला आणि कित्येक महिन्यांनी परतला. सारे काही ज्याच्या त्याच्यावर सोपवून बाजूला होणे ते हेच. घटना लिहिल्या गेल्या, बदलल्या गेल्या, गट पडले. १८२७ मध्ये प्रयोग संपला, तोवर त्याच्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यात गेला होता. हुकूम नको म्हणजे व्यवस्थाच नको, असा अर्थ केला की काय होते, ते न्यू हार्मनीने दाखवले.

इंग्लंडला परतल्यावर त्याला एक अनपेक्षित अनुयायीवर्ग मिळाला. ज्यांना तो लेकरे समजत आला होता ते कामगारच आता त्याचे ग्रंथ वाचून सहकारी दुकाने आणि संघटना काढू लागले होते. १८३४ मध्ये सर्व धंद्यांतील कामगारांची एक महासंघटना उभी राहिली आणि तिचे नेतृत्व ओवेनकडे आले. संघटनेची शपथ घेतली म्हणून टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा लंडनमध्ये निघालेल्या प्रचंड मोर्चात तो होता. पण कामगारांनी आपल्या बळावर मालकांशी झगडावे हे त्याच्या मनाला मानवेना. मालक आणि मजूर दोघांनाही समजावून नवे जग आणता येईल, हा त्याचा विश्वास. झगड्याची भाषा करणाऱ्या संपादकांशी त्याचे फाटले. डर्बीची टाळेबंदी संघटनेला झेपली नाही आणि त्याच वर्षी ती मोडली. न्यू लॅनार्कमध्ये खपून गेलेला एकहाती कारभार येथे चालणे शक्य नव्हते, कारण हे कामगार त्याच्या वेतनावर नव्हते.

ओवेनचा खरा वारसा त्याच्या हातून नव्हे तर त्याच्या मागे घडला. १८४४ मध्ये रॉचडेल येथे अठ्ठावीस जणांनी वर्गणी गोळा करून एक लहानसे दुकान थाटले. त्यांत विणकर होते आणि ओवेनच्या विचारांनी भारलेले काही जण होते. चांगला माल, वाजवी दर आणि नफ्यातून शिक्षण, हे सारे न्यू लॅनार्कच्या दुकानात होतेच. रॉचडेलकरांनी त्यात एकच गोष्ट घातली: प्रत्येक सभासदाला एक मत. ओवेनने जी गोष्ट आपल्या कामगारांना कधी दिली नाही तीच त्याच्या अनुयायांनी पायाभूत मानली, आणि म्हणून ते दुकान एका माणसावर अवलंबून राहिले नाही. ओवेन १७ नोव्हेंबर १८५८ रोजी आपल्या जन्मगावी, न्यूटाउन येथे वारला. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ मध्ये बंद पडल्या. २००१ पासून ती वस्ती जागतिक वारसास्थळ आहे. रॉचडेलचा नियम मात्र जगभर चालता राहिला.

तो महाराष्ट्रातही आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला तो शेतकऱ्याच्या या एका मताच्या बळावर. पुढे अनेक कारखान्यांतून ते मत कागदावर राहिले आणि कारभार पुन्हा मायबापाच्या हाती गेला, हा इतिहास मराठी वाचकाला सांगायला नको. सहकारसम्राट हा शब्द आपल्याच भाषेत घडला आहे. दवाखाने, शाळा, महाविद्यालये, सारे या सम्राटांनी दिले आणि त्यातले बरेचसे चांगलेही आहे. पण दिलेली गोष्ट आणि मिळवलेली गोष्ट यांतला भेद ओवेनच्या वस्तीत होता तसाच येथेही आहे. ज्याच्या कोयत्यावर हा सारा पसारा उभा आहे तो ऊसतोड मजूर तर सभासदही नाही. त्याच्या वाट्याला मुकादम आला, मत आले नाही.

आज मूक पहारेकऱ्याला नवे रूप मिळाले आहे. घरोघरी माल पोचवणाऱ्या मुलाला मिळणारे तारे, गोदामात माणसाच्या हालचाली मोजणारी यंत्रे, कार्यालयांतील वार्षिक गुणांकन, ही सारी त्या रंगीत ठोकळ्याचीच संतती. ठोकळ्यात निदान एक माणुसकी होती: रंग अन्यायाचा वाटला तर मालकाचे दार उघडे होते. आजच्या यंत्राने काळा रंग दिला तर दाद कोणाकडे मागायची, हे पुष्कळदा कामगाराला ठाऊक नसते. ओवेनकडून आजच्या व्यवस्थापकांनी निरीक्षण घ्यावे, संयम घ्यावा, संकटात माणूस न सोडण्याचे धैर्य घ्यावे. परंतु ज्यांचे भले करायचे त्यांना त्या निर्णयात स्थान देण्याचे धैर्य त्याच्यापाशी नव्हते. ते मात्र त्यांना रॉचडेलच्या त्या अठ्ठावीस जणांकडूनच घ्यावे लागेल.